लोड कंट्रोलरवर कोणते उपकरण घ्यावे आणि कोणते घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाट तालुक्यातील एका गावात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाने घरावर सौर पॅनेल, ३ केव्हीएचा हायब्रिड (सौर, बॅटरी आणि लाईन या तिन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली. दिवसा उन्हावर गिझर आणि इंडक्शन शेगडी चालावी, हा त्यामागचा हेतू होता. मात्र दोन्ही एकाच वेळी सुरू झाली की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, म्हणून त्यांनी चार चॅनेलचा लोड कंट्रोलर, म्हणजे लोड वाढला की उपकरणे आपोआप सोडणारी पेटी, आणला. त्यावर प्रत्येक चॅनेलपुढे ‘३० अँपिअर’ असे छापलेले आहे. गावातील इलेक्ट्रिशियनने पहिल्या चॅनेलवर गिझर, दुसऱ्यावर फ्रिज आणि मोठा कूलर, तिसऱ्यावर गोठ्यातील २ एचपीची कडबा कुट्टी आणि चौथ्यावर १ एचपीची घरघंटी थेट जोडली. शेगडी तेवढी बाहेर राहिली. आता तिसरा चॅनेल बंद असल्याचे पेटी दाखवते तरी कुट्टी चालूच राहते, शेगडी लावली की गिझर सारखा लागतो आणि सुटतो, आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) वरचेवर पडतो, आणि लाईन गेली की सगळे घर उजळलेले असताना न्हाणीतला दिवा तेवढा लागत नाही. कोणते उपकरण कोणत्या चॅनेलवर घ्यावे, ३० अँपिअरचा आकडा खरा मानावा काय, न्यूट्रलसुद्धा पेटीतून न्यावी काय, आणि आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला ऐकावा काय, असे त्यांनी विचारले आहे.

बाकी उत्तर वाचण्याआधी कडबा कुट्टीची वायर कंट्रोलरमधून सोडवून घ्यावी, आणि तीही मेन स्विच, इन्व्हर्टर आणि बॅटरीचा आयसोलेटर असे तिन्ही बंद करून. नुसता मेन बंद केल्याने हायब्रिड इन्व्हर्टरच्या घरात वायर मृत होत नाही. बॅटरीवरून आउटपुटला २३० व्होल्ट येतच राहतात. चॅनेल बंद दिसत असूनही यंत्र चालते याचा अर्थ त्या रिलेचे (चॅनेल जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले आहेत. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना दहा-अकरा अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे पन्नास-साठ अँपिअर खेचते. रिलेवरचा ३० अँपिअरचा आकडा हा गिझरसारख्या, केवळ तापणाऱ्या तारेच्या लोडसाठी असतो. मोटरसाठी तोच रिले त्याच्या लहानशा अंशालाच पुरतो. कॉन्टॅक्टरवर (मोठ्या प्रवाहासाठीच्या, कॉइलने चालणाऱ्या स्विचवर) हे दोन आकडे वेगवेगळे छापलेले असतात, तापणाऱ्या लोडसाठी ‘एसी-१’ आणि मोटरसाठी ‘एसी-३’. स्वस्त कंट्रोलरच्या पेटीवर फक्त मोठा आकडा छापतात, आणि तो खोटा नसला तरी आपल्या कुट्टीविषयी काही सांगत नाही.

लोड कंट्रोलर या नावाने बाजारात दोन-तीन वेगळ्या वस्तू मिळतात, म्हणून आपली वस्तू कोणती ते स्पष्ट करतो. लहान जलविद्युत संचावर जो कंट्रोलर असतो तो जास्तीची वीज तापणाऱ्या कॉइलमध्ये जिरवून जनित्राचा वेग स्थिर ठेवतो. त्याचा येथे संबंध नाही. सोलर चार्ज कंट्रोलरवर बल्बचे चित्र असलेली ‘लोड’ची जी दोन टोके असतात, ती १२ किंवा २४ व्होल्ट डीसीच्या छोट्या दिव्यांसाठी असतात, आणि त्यावर इन्व्हर्टर जोडणे हा तो कंट्रोलर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आपली पेटी तिसऱ्या प्रकारची आहे. एका सीटीने (वायरीभोवती बसणाऱ्या, प्रवाह मोजणाऱ्या कड्याने) ती घराचा एकूण प्रवाह मोजते, ठरवलेल्या मर्यादेपलीकडे तो गेला की चॅनेलच्या क्रमाने उपकरणे सोडते आणि प्रवाह उतरला की पुन्हा घेते. एवढेच तिचे काम आहे. शॉर्टसर्किट, गळती किंवा तापलेली वायर यांपासून ती कोणाचेही रक्षण करत नाही. ते काम एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) आणि आरसीसीबीचे असून कंट्रोलर बसवला म्हणून त्यांतील एकही कमी करता येत नाही.

क्रम ठरवताना बहुतेक घरांत ‘महागाचे उपकरण शेवटी सोडायचे’ असा विचार होतो. माझ्या मते विचारायचे प्रश्न दोनच आहेत. हे उपकरण सोडल्याने किती अँपिअर मोकळे होतात? आणि ते अचानक बंद पडून कोणी बटन न दाबता पुन्हा सुरू झाले, तर त्याचे किंवा त्याच्याजवळच्या माणसाचे काय होते? या दोन चाळण्यांतून आपली यादी काढली तर चार चॅनेलांपैकी दोनच कामाला येतात, आणि तसे होणे अगदी रास्त आहे.

कडबा कुट्टी आणि घरघंटी दुसऱ्या चाळणीत अडकतात. कुट्टी बंद पडली की माणूस काय करतो ते कोणत्याही गोठ्यात पाहता येईल. लाईन गेली असे समजून तो तोंडाशी अडकलेला कडबा हाताने ओढतो किंवा झाकण उघडून पात्यांजवळचे कुटार काढतो. त्याच वेळी घरात कोणी शेगडी बंद केली, प्रवाह उतरला आणि कंट्रोलरने चॅनेल परत घेतला, तर पाती फिरू लागतील. ज्या यंत्राच्या पात्याजवळ, पट्ट्याजवळ किंवा जात्याजवळ माणसाचा हात जातो, ते यंत्र आपोआप परत सुरू होणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेवर असता कामा नये, मग तिथला रिले कितीही भारी असो. घरघंटीत हाताचा धोका कमी असतो, कारण बहुतेक यंत्रांना दाराचा स्विच असतो. परंतु दळण अर्ध्यावर थांबले की धान्य जात्यात दाटते, आणि वीज परतल्यावर मोटर फिरू न शकता नुसती गुणगुणत जोराचा प्रवाह खेचत राहते. मोटरला ओव्हरलोड रिले नसेल तर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

आपल्या भागात शेतीपंपावर ‘ऑटो’ बसवायची सवय इतकी जुनी आहे की घरातही सगळे आपोआप सुरू व्हावे असे वाटणे साहजिक आहे. पण त्या ऑटोनेच डीपीचे काय होते ते आपण पाहतोच. लाईन येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात, प्रत्येकाचा सुरुवातीचा प्रवाह एकत्र येतो, आणि फ्यूज किंवा रोहित्र जाते. म्हणूनच ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगते. घरातल्या कंट्रोलरचे सगळे चॅनेल एकाच वेळी परत घेतले तर हाच प्रकार लहान प्रमाणात इन्व्हर्टरवर होतो.

त्यामुळे कुट्टी, घरघंटी आणि बोअरवरची मोटर ही तिन्ही इन्व्हर्टरच्या आधी, मीटरकडच्या बाजूच्या बोर्डवर, स्वतंत्र एमसीबी आणि स्टार्टरसह ठेवावीत. लाईन गेल्यावर सुटणारा आणि लाईन आल्यावर हिरवे बटन दाबल्याशिवाय न उठणारा साधा पुश-बटन स्टार्टर कुट्टीला पुरतो. त्यात मोटरच्या प्रवाहानुसार लावलेला ओव्हरलोड रिले असावा. या एमसीबी ‘सी’ प्रकारच्या घ्याव्यात. ‘बी’ प्रकारची एमसीबी तिच्या आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ पडते, ‘सी’ पाच ते दहा पटीला. मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला बी विनाकारण पडत राहते, आणि मग घरचे लोक कंटाळून तिथे मोठी एमसीबी लावतात, जी वायरीला वाचवत नाही.

फ्रिज पहिल्याच चाळणीत बाद होतो. तो चालताना सुमारे एक अँपिअर घेतो. इन्व्हर्टर देऊ शकतो त्या सुमारे तेरा अँपिअरच्या हिशेबात ही सुटका क्षुल्लक असून बदल्यात त्रास मोठा आहे. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतल्या वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तीनेक मिनिटे लागतात. त्याआधी वीज परतली तर मोटर दाबाविरुद्ध अडते, तापते आणि तिचा ओव्हरलोड प्रोटेक्टर पडतो. कूलरचेही तसेच आहे. मोठ्या डेझर्ट कूलरचा पंखा आणि पाण्याचा पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास घेतात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला कूलर कंट्रोलरच्या मर्जीवर ठेवणे मला मान्य नाही. फ्रिज, कूलर, पंखे, दिवे आणि टीव्ही सरळ इन्व्हर्टरच्या बोर्डवर राहू द्यावेत.

उरले गिझर आणि स्वयंपाकघरातील १६ अँपिअरचा सॉकेट. कंट्रोलर खरा यांच्यासाठीच आहे. १५ लिटरचा २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. तो मध्येच सुटला तर पाणी थोडे उशिरा तापते, आणि परत लागला तर कोणाला कळतही नाही. यापेक्षा सोशिक उपकरण घरात दुसरे नाही, म्हणून सर्वांत आधी सुटणारा पहिला चॅनेल गिझरचा. इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर जवळजवळ तेवढाच प्रवाह घेते, पण भाजी अर्धी शिजलेली असताना ती सुटणे गैरसोयीचे, म्हणून दुसरा चॅनेल तिचा.

त्या सॉकेटविषयी एक खबरदारी आहे. आज तिथे शेगडी आहे. उद्या कोणी इस्त्री लावेल. शेगडी वीज परतल्यावर सहसा बटन दाबेपर्यंत गप्प बसते, इस्त्री बसत नाही. वीज गेली म्हणून कपड्यावर आडवी ठेवून माणूस अंगणात गेला आणि चॅनेल परत आला, तर कपडा जळतो. म्हणून दुसऱ्या चॅनेलला आपोआप परत येऊ देऊ नये. कंट्रोलरमध्ये ‘मॅन्युअल रिसेट’ची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर कॉन्टॅक्टरला स्टार्टरसारखे होल्डिंग द्यावे. फेज लाल बटनातून, तेथून कंट्रोलरच्या रिलेतून, पुढे हिरव्या बटनातून कॉइलच्या ए-१ टोकाला न्यावा; कॉइलचे ए-२ टोक न्यूट्रलला; आणि कॉन्टॅक्टरचा स्वतःचा नॉर्मली ओपन (एरवी उघडा राहणारा) ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट हिरव्या बटनाला समांतर जोडावा. कंट्रोलरने एकदा सोडले की कॉन्टॅक्टर पडतो आणि हिरवे बटन दाबेपर्यंत पडलेलाच राहतो.

तिसऱ्या चॅनेलचा रिले चिकटलेला आहे. तो बदलेपर्यंत त्या टोकांना काहीही जोडू नये. चौथ्यावर स्वयंपाकघरात एक छोटा दर्शक दिवा घ्यावा. तो चॅनेल पहिल्या चॅनेलसोबत सुटेल असा लावता आला, तर दिवा विझला म्हणजे गिझर सोडला गेला आहे हे शेगडीशी उभ्या असलेल्या व्यक्तीला समजते.

आता गिझर सारखा लागून सुटण्याविषयी. शेगडी बाहेर आणि गिझर पहिल्या चॅनेलवर अशी आजची स्थिती आहे. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर देतो. शेगडी आणि बाकीचे घर मिळून हिवाळ्यात १०.७ अँपिअर धरू. त्यात गिझरचे ८.७ मिळाले की १९.४ होतात, आणि कंट्रोलर गिझर सोडतो. सोडताच आकडा १०.७ वर येतो, जो मर्यादेच्या खाली आहे, म्हणून कंट्रोलर गिझर पुन्हा घेतो, आणि हे चक्र थांबत नाही. रिले बिघडलेला नाही. परत घेण्याचा आकडा चुकीचा लावलेला आहे. तो आकडा सोडण्याच्या आकड्यातून त्या उपकरणाचा प्रवाह वजा केल्यावर जे उरेल त्याहून कमी असावा लागतो. सोडण्याची मर्यादा १२ अँपिअर ठेवली, तर १२ वजा ८.७ म्हणजे ३.३, परत घेण्याचा आकडा ३ अँपिअर ठेवावा आणि त्यापुढे पाच मिनिटांचा विलंब द्यावा. हिवाळ्यात शेगडी बंद असताना घराचा लोड दोन अँपिअरच्या आसपास असतो, त्यामुळे गिझर वेळेवर परत येतो. उन्हाळ्यात कूलर आणि पंखे लागल्यावर घराचा लोड चारपर्यंत जाईल आणि गिझर परत येणारच नाही, पण वैशाखात गिझर लावतो कोण? शेगडी मात्र उन्हाळ्यात १,६०० वॅटवर चालवावी. तेव्हा ती सुमारे ७ अँपिअर घेते आणि कूलरसकट बेरीज ११ वर राहते. पूर्ण २,००० वॅटवर ती १२.७ होते आणि कंट्रोलर शेगडीच सोडतो.

सोडण्याचा विलंब दोन-तीन सेकंदांचा असावा, म्हणजे फ्रिजचा कॉम्प्रेसर उठतानाच्या झटक्याला तो फसत नाही. तो याहून किती वाढवता येईल हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत पाहावे. किती टक्के ओव्हरलोड किती सेकंद सहन होतो याचा तक्ता तिथे असतो, आणि कंट्रोलरने त्याआधी हालचाल केली पाहिजे.

गिझरचा आणखी एक मुद्दा कंट्रोलरच्या कक्षेबाहेरचा आहे. ही पेटी अँपिअर मोजते. ऊन आहे की बॅटरी उतरते आहे हे तिला कळत नाही. पहाटे साडेपाचला अर्धा तास गिझर चालला तर बॅटरीतून एक युनिट जाते. गिझरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये मालिकेत एक साधा टायमर घालून तो सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंतच चालू ठेवला, तर उन्हाचे पाणी टाकीत तापून राहते आणि चांगल्या इन्सुलेशनच्या गिझरमध्ये संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी गरम मिळते.

दोन्ही चॅनेलांवर उपकरण थेट न जोडता मध्ये कॉन्टॅक्टर घ्यावा, असे मी सुचवतो. गिझर हा शुद्ध तापणारा लोड असल्याने ३० अँपिअरच्या रिलेवर तो तत्त्वतः चालतो, पण पेटीतील छापील सर्किटवरच्या पातळ पट्ट्या आणि लहान स्क्रू यांतून रोज तासन्‌तास नऊ अँपिअर नेणे मला पसंत नाही. कंट्रोलरने हुकूम द्यावा, प्रवाह कॉन्टॅक्टरने वाहावा. एसी-१ मध्ये २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर पुरेसा आहे. कॉइलच्या दोन टोकांवर आरसी सर्जसप्रेसर लावला तर कंट्रोलरच्या रिलेची ठिणगी कमी होते.

गावाच्या शेवटच्या टोकाला उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येते, तेव्हा कॉन्टॅक्टरची एक अडचण उभी राहते. २३० व्होल्टच्या कॉइलने ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १९५ व्होल्टच्या आसपासपर्यंत, खात्रीने ओढून धरावे एवढीच अपेक्षा असते. त्याखाली ती थरथरते, कॉन्टॅक्ट ठिणग्या टाकतात आणि जळतात. लाईन असताना हायब्रिड इन्व्हर्टर बहुधा लाईनचेच व्होल्टेज पुढे सोडतो, त्यामुळे इन्व्हर्टर आहे म्हणून ही अडचण टळत नाही. उपाय म्हणजे २४ व्होल्ट डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर घेणे आणि त्याला १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या एसएमपीएसवरून (एसीचे डीसी करणाऱ्या पुरवठा-पेटीवरून) वीज देणे. मग होल्डिंगची बटनेही २४ व्होल्टवर येतात, ओल्या हाताच्या स्वयंपाकघरात तेही बरेच. डीसी कॉइल असेल तर आरसी सप्रेसरऐवजी उलट दिशेने एक डायोड लावावा.

सीटी बसवताना तिच्या छिद्रातून इन्व्हर्टर आउटपुटचा फक्त फेज न्यावा, आणि तोही चॅनेलांच्या फाट्यांच्या आधी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून नेले तर दोन विरुद्ध प्रवाह एकमेकांना खोडतात आणि कंट्रोलरला घर कायम रिकामे दिसते. सीटी मीटरजवळ बसवू नये, कारण आपल्याला इन्व्हर्टरची मर्यादा राखायची आहे, लाईनची नव्हे. ५ अँपिअर दुय्यम प्रवाहाची सुटी सीटी असेल तर लोड चालू असताना तिच्या वायरी कधीही सोडू नयेत. उघड्या टोकांवर घातक व्होल्टेज तयार होते.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेला) संच बसवलेल्या शेजाऱ्यांनी हे उत्तर जसेच्या तसे उचलू नये. त्यांचा इन्व्हर्टर लाईन गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होतो, आणि त्यांच्या मीटरजवळची साधी सीटी दुपारी बाहेर जाणारी वीजही लोड म्हणून मोजते, कारण प्रवाहाची दिशा तिला कळत नाही. भर उन्हात कंट्रोलर गिझर सोडतो, अशी तक्रार त्यातूनच येते.

न्यूट्रल कंट्रोलरच्या रिलेतून तोडायची नाही. रिलेने आणि कॉन्टॅक्टरने फेज तोडावा. न्यूट्रल पट्टीवरून सरळ उपकरणाला जावी. न्यूट्रल तोडली तर उपकरण बंद दिसते पण आतून जिवंत राहते, आणि गिझरच्या बाबतीत ते जीवघेणे ठरू शकते. दोन ध्रुवांचा कॉन्टॅक्टर वापरून दोन्ही एकत्र तोडणे हा आणखी चांगला पर्याय आहे.

आपल्या खऱ्या दोषाचे उत्तर मात्र न्हाणीतल्या दिव्यात आहे. लाईन असताना तो लागतो, बॅटरीवर लागत नाही, आणि आरसीसीबी वरचेवर पडतो, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्या दिव्याचा फेज इन्व्हर्टरच्या बोर्डवर आला आहे आणि न्यूट्रल जुन्या, मीटरकडच्या पट्टीवरच राहिली आहे, असे जवळजवळ निश्चित सांगता येते. लाईन असते तेव्हा इन्व्हर्टरच्या आतून दोन्ही न्यूट्रल जोडलेल्या असतात, म्हणून दिवा लागतो. पण आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परततो, तिला तो गळतीसारखा दिसतो आणि ३० मिलीअँपिअरच्या मर्यादेपुढे ती पडते. बॅटरीवर इन्व्हर्टर लाईनची न्यूट्रल तोडतो, मग दिव्याला परतीचा रस्ताच उरत नाही. आरसीसीबी बरोबर काम करते आहे. तिला काढून टाकण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये. इन्व्हर्टर बाजूसाठी वेगळी न्यूट्रल पट्टी करावी, तिच्यावर ज्यांचा फेज इन्व्हर्टरचा आहे त्यांच्याच न्यूट्रल घ्याव्यात, आणि एकेक न्यूट्रल सोडून मल्टिमीटरने पडताळावी. निऑनचा टेस्टर या कामाला पुरेसा नाही.

इथेच आणखी एक प्रश्न इन्व्हर्टर पुरवणाऱ्याला लेखी विचारावा, की बॅटरीवर चालताना इन्व्हर्टर आउटपुटची न्यूट्रल आतल्या रिलेने अर्थिंगला जोडतो काय. तशी जोडणी नसेल तर बॅटरीवर असताना गळतीच्या प्रवाहाला परतीचा मार्ग नसतो आणि त्यापुढची आरसीसीबी दोष असूनही पडत नाही. ती जोडणी बाहेरून स्वतः वायर टाकून करू नये, कारण लाईन परतल्यावर न्यूट्रलचा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून वाहू लागतो.

अर्थिंगची तार कोणत्याही स्विच, फ्यूज किंवा कंट्रोलरमधून जात नाही. गिझर, कूलर आणि कुट्टीच्या लोखंडी अंगापासून ती अखंड खड्ड्यापर्यंत जावी. कूलरचे अंग पत्र्याचे, आत पाणी आणि बाहेर ओली फरशी, म्हणून तिथे तीन पिनांचा प्लग आणि अखंड अर्थिंग याला पर्याय नाही. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव इथे ध्यानात घ्यावा लागतो. पावसाळ्यात ती ओल धरते आणि अर्थिंग उत्तम देते, पण एप्रिल-मेमध्ये आटून भेगाळते, पाइपपासून सुटते, आणि नेमके कूलर चालण्याच्या दिवसांत अर्थिंगचा रोध चढतो. अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे किमान २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर झाकणासह हौद असा खड्डा करावा आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी टाकावे. मोजणी करायची तर ती मे महिन्यात करावी.

पेटीची जागा निवडताना टिनाखालची छपरी टाळावी. एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला ठरवलेला असतो. दुपारी तापलेल्या टिनाखाली ती त्या आकड्याच्या आधीच पडते आणि कंट्रोलरच्या आतले कंडेन्सरही लवकर वाळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चांगला बाजारभाव येण्याची वाट पाहत ज्या खोलीत कापूस भरून ठेवला जातो त्या खोलीत, किंवा कुटाराच्या ढिगाऱ्याजवळ, कॉन्टॅक्टरची पेटी लावू नये. कॉन्टॅक्टर प्रत्येक वेळी सुटताना ठिणगी टाकतो आणि कापसाची तंतू-धूळ पेटीच्या फटींतून आत जाते. ओसरीची आतली विटांची भिंत, डोक्याएवढी उंची आणि धातूची बंद पेटी ही जागा योग्य.

गिझर आणि शेगडीसाठी प्रत्येकी १६ अँपिअरची एमसीबी, तेथून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि टोकांना लग दाबून पक्की जोडणी, एवढे साहित्य पुरते. न्हाणी लांब असेल तर गिझरला ४ चौरस मिलिमीटर घ्यावी. हे सगळे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्यावा.

चाचणी अशा क्रमाने घ्यावी. लाईन चालू ठेवून आधी आरसीसीबीचे टेस्ट बटन दाबून ती पडते हे पाहावे. मग फक्त गिझर लावून कंट्रोलरवरचा आकडा क्लॅम्प मीटरशी जुळतो काय ते तपासावे. शेगडी पूर्ण जोरावर लावल्यावर दोन-तीन सेकंदांत गिझर सुटला पाहिजे, दर्शक दिवा विझला पाहिजे आणि शेगडी चालू राहिली पाहिजे. शेगडी बंद केल्यावर गिझर पाच मिनिटांनीच परत यावा. त्यानंतर मेन बंद करून, बॅटरीवर, हीच सर्व चाचणी पुन्हा घ्यावी आणि त्याच वेळी न्हाणीतला दिवा लागतो काय तेही पाहावे. शेवटी सॉकेटवर टेबल लॅम्प लावून कंट्रोलरचा दुसरा चॅनेल हाताने सोडावा आणि परत घ्यावा. हिरवे बटन न दाबता लॅम्प लागला, तर होल्डिंगची वायर हिरव्या बटनाऐवजी भलत्याच ठिकाणी गेली आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्या सॉकेटला इस्त्री लावू नये.